सॅम सायमन : तळटीप

* सॅम सायमन (१९५५–२०१५). ‘द सिम्प्सन्स’ म्हटले की मॅट ग्रेनिंगचेच नाव पुढे येते, आणि पात्रे त्याचीच आहेत हे खरे. पण १९८९मध्ये सुरू झालेल्या या ॲनिमेशन मालिकेची लेखनाची घडी सायमनने बसवली, हे इथे नोंदवणे आवश्यक वाटते. स्टॅनफर्डला शिकत असताना तो विद्यार्थ्यांच्या दैनिकात व्यंगचित्रे काढी. पुढे फिल्मेशन या ॲनिमेशन कंपनीत काम करताना त्याने ‘टॅक्सी’ या मालिकेसाठी आपणहून एक भाग लिहून पाठवला. तो स्वीकारला गेला आणि थोड्याच काळात त्या मालिकेची सूत्रेही त्याच्याकडे आली. त्यानंतर ‘चिअर्स’. माणसांच्या बोलण्यातून विनोद फुलवण्याची ही तालीम त्याने ॲनिमेशनमध्ये आणली. ‘द सिम्प्सन्स’साठी जॉर्ज मायर, जॉन स्वार्ट्झवेल्डर यांसारखे लेखक त्याने गोळा केले. आवाज देणाऱ्या नटांना वेगवेगळे न बोलावता एकत्र बसवून, नभोनाट्यासारखे ध्वनिमुद्रण करण्याचा आग्रह धरला. मालिकेतल्या होमर आणि मार्ज या नवरा-बायकोच्या भांडणातला जिवंतपणा बराचसा तिथून आला, असे आमचे मत आहे. ग्रेनिंगशी मतभेद वाढल्याने १९९३मध्ये तो बाहेर पडला. मात्र कार्यकारी निर्माता म्हणून त्याचे नाव आणि उत्पन्नातला वाटा कायम राहिला. या पैशातून त्याने २००२मध्ये प्रतिष्ठान स्थापन केले. बेवारस कुत्र्यांना शिकवून कर्णबधिरांच्या मदतीला देणे हे त्या प्रतिष्ठानाचे एक काम होते. २०१२मध्ये आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर आपली बहुतेक संपत्ती अशाच कामांना देण्याचे त्याने ठरवले. — संपादक