पावानं बाटलेली माणसं

घरी लसणाचे मऊ पाव करायला फार काही लागत नाही. अडीचशे ग्रॅम मैदा, चमचाभर कोरडं यीस्ट, चमचाभर साखर, अर्धा चमचा मीठ, निम्मं दूध निम्मं पाणी मिळून साधारण दीडशे मिली आणि थोडं लोणी. दहा मिनिटं मन लावून मळायचं आणि झाकून ठेवायचं. आमच्या फुलपाड्यात, जीवदानीच्या डोंगराखाली, मे महिन्यात तासाभराच्या आतच पीठ दुप्पट होतं. मग गोळे करून ट्रेमध्ये एकमेकांना खेटून लावायचे, म्हणजे लादीपावासारख्या त्यांच्या कडा मऊ राहतात. ते पुन्हा फुगले की दोनशे डिग्रीला पंधरा-अठरा मिनिटं भाजायचे. लसूण मात्र पिठात कच्चा घालू नये. त्यातल्या तिखट द्रव्यानं यीस्ट मंदावतं. तो लोण्यात परतून, कोथिंबीर घालून, गरम पावावर फासावा.

झाली पाककृती! पण मला सांगायचंय ते वेगळंच.

विचार करा मंडळी, हाच पाव याच वसई-विरारच्या मुलखात एके काळी माणसाचा धर्म बुडवत होता. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधली दोनशेहून अधिक वर्षं इथे फिरंगी अंमल होता. आपला 'पाव' हा शब्दही त्यांच्या 'पांव'वरून आलेला. (पायानं तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती आपण लहानपणी सगळ्यांनीच ऐकली असेल. ती खरी नाही, पण पावाविषयीची किळस तिच्यात नेमकी उतरली आहे.)

वसईत काय, गोव्यात काय, एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पाद्री रात्री गावच्या विहिरीत पाव टाकायचे. सकाळी गाव पाणी प्यायचं आणि मग कळायचं की आपण बाटलो. ही दंतकथा आहे. धर्मांतरं सक्तीनं झाली, आमिषानं झाली, जमिनीसाठी झाली, काही मनापासूनही झाली. एका पावानं गावंच्या गावं बाटली असं कसं म्हणायचं?

पण दंतकथेतही एक खरी गोष्ट दडलेली असते. ही कथा आपण नेहमी पाव टाकणाऱ्याच्या दुष्टपणाची म्हणून सांगतो. मला वाटतं, ती तितकीच विहिरीच्या काठावर उभं राहून 'तू आता आमचा नाहीस' म्हणणाऱ्यांची आहे. विहिरीत पडलेला पाव काढून फेकता आला असता, पाणी उपसता आलं असतं. पण पाणी प्यायलेल्या शेजाऱ्याला परत घ्यायची वाट कुठे होती? पाव टाकणाऱ्याला आपली ही खोड बरोबर ठाऊक होती, असंच ही कथा सांगते.

वाट अगदीच नव्हती असंही नाही. नेताजी पालकरांना शिवाजी महाराजांनी १६७६मध्ये शुद्ध करून घेतलं. वसई जिंकल्यावर पेशवाईतही इथल्या काही बाटलेल्यांना परत घेतलं गेलं. म्हणजे दार उघडता येत होतं. उघडायची इच्छा क्वचितच असायची, इतकंच.

आणि ज्यांचं दार बंदच राहिलं ती माणसं कुठे गेली? कुठेही नाही. ती इथेच राहिली, इथल्याच बोली बोलत, भात लावत, केळी पिकवत. ईस्ट इंडियन घरांत लग्नाला, सणाला 'फुगे' तळतात. त्यांचं पीठ पूर्वी ताडीनं आंबवत. गोव्यातल्या पोदेरांचा पावही माडाच्या सुरेवरच फुगायचा. फिरंग्यांचा पाव इथे आला तेव्हा त्याला फुगवलं ते आपल्या झाडांनी! ताडीत जे जिवंत असतं तेच आपल्या पाकिटातल्या यीस्टमध्येही असतं. आंबणं हे त्या सूक्ष्म जिवांचं काम आहे, हे लुई पाश्चरनं १८५७नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिलं. त्या जिवांना पिठातली साखर मिळाली की ते वायू सोडतात, आणि मळलेल्या मैद्याचं जाळं तो धरून ठेवतं. त्यांना ना जात ना धर्म.

गंमत बघा, लसूणही तसा संशयितच. चातुर्मासात कित्येक घरांत कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून तर आषाढात कांदेनवमी. आणि आज? वडापाव ज्याला वर्ज्य आहे असा माणूस विरार लोकलमध्ये शोधून दाखवा. पाव फिरंग्यांचा, बटाटा आणि मिरचीही त्यांनीच आणलेली, लसणाची चटणी आपली... आणि तो खाऊन कुणी बाटत नाही.

पाव आपण कधीच पोटात घेतला. त्याच्यापायी ज्यांना दूर लोटलं, ते शेजारी मात्र पुष्कळांना अजून 'बाटलेले'च वाटतात. हा शब्द आजही कानावर येतो. माणसाला आपलंसं करायला इतकी शतकं का लागावीत?