चौलचे बंदर आणि निळ्या रत्नाचे नाव

चौल म्हटले की नारळी-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराची पुष्करिणी आणि रेवदंड्याचा पडका पोर्तुगीज कोट डोळ्यांपुढे उभा राहतो. येथील काळ्या पाषाणात नीलमणी सापडत नाही. तरी त्याच्या इतिहासात चौलचे नाव निघते, ते बंदर म्हणून.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ ही बंदरांची टिपणवही लिहिली. तीत कल्याणनंतर येणारे ‘सेमिल्ला’ म्हणजे आपले चौल. त्याच वहीत सिंधूच्या मुखावरील बार्बरिकॉनहून ‘सॅफायरोस’ परदेशी जात असल्याची नोंद आहे. इंग्रजी शिकलेला वाचक लगेच म्हणतो, हा तर नीलम! येथेच आपण फसतो. प्लिनी सांगतो की या दगडावर सोन्यासारखे ठिपके चमकतात. तसे ठिपके बदकशानच्या लाजवर्दात असतात, नीलमात नव्हे. खरा नीलम त्या वहीत ‘ह्याकिंथोस’ या नावाखाली, केरळातील मुझिरिसच्या मालात असावा, असे पंडित मानतात.

हा ग्रीक शब्द अरबांच्या तोंडी ‘याकूत’ झाला. अरब प्रवासी मसूदी 916 च्या सुमारास चौलला, म्हणजे त्याच्या ‘सैमूर’ला आला, तेव्हा तेथे सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडच्या लोकांची मोठी वस्ती होती. पुढे 1470 च्या सुमारास रशियन व्यापारी निकितिन चौललाच उतरला. पेगूच्या मालाविषयी लिहिताना त्याने माणकाबरोबर याकूत नोंदला आहे. याकूत तांबडा, पिवळा, निळा असा अनेक रंगांचा मानीत. अरबांचे हे वर्गीकरण मला ग्रीकांपेक्षा शहाणपणाचे वाटते, कारण माणिक आणि नीलम मुळात एकच खनिज, आपला कुरुंद! ज्याच्या दगडावर आपण सुरीला धार लावतो त्याचेच हे निर्मळ स्फटिक. क्रोमियमचा अंश असला की माणिक, लोह व टिटॅनियमचा असला की नीलम. काठिण्यात त्याच्या वर, सर्वांच्या परिचयाचा, एक हिराच.

आमच्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांनी सिंहलद्वीपाचा नीळ वाखाणला, हे योग्यच. पण शंभरपट दुधात ठेवला असता दुधाला निळे करील तो ‘महानील’, ही परीक्षा मात्र तपासून पाहावी. नीलमाचा रंग स्फटिकाच्या अंगात बांधलेला असतो. तो दुधात उतरत नाही. दुधात रंग सुटलाच तर खडा रंगवलेला समजावा! शनीसाठी अंगठी करणारे कोणी या सभेत असतील. त्यांच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही, पण पैसे मोजण्यापूर्वी खडा जाणत्याच्या भिंगाखाली जाऊ द्यावा. 1902 साली फ्रान्सच्या व्हर्नुईने ज्वालेत ॲल्युमिनाची पूड वितळवून कृत्रिम माणिक करण्याची रीत जाहीर केली आणि काही वर्षांत तशाच रीतीने नीलमही होऊ लागला. तो काच नव्हे, कुरुंदच, काठिण्यही तेवढेच. म्हणून ओरखडा काढून पाहण्यात अर्थ नाही. खाणीतल्या खड्यात रंगाचे पट्टे सरळ व कोनात वळलेले दिसतात, भट्टीतल्यात ते कमानीसारखे वाकलेले.