ओवी कोणत्या गणात बसते?

शालेय व्याकरणात वृत्तांचे प्रकरण आले की प्रथम य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण पुढ्यात येतात. ऱ्हस्व अक्षर लघू, दीर्घ अक्षर गुरू. पुढच्या जोडाक्षराचा आघात होत असेल तर ऱ्हस्वही गुरू. 'यमाताराजभानसलगम्' हे सूत्र पाठ असले की हव्या त्या गणाच्या अक्षरापासून तीन अक्षरे घ्यावीत, त्याचा लगक्रम हाती येतो. 'यमाता' म्हणजे लघू, गुरू, गुरू. हा य गण. असे चार य गण मिळून बारा अक्षरांचे भुजंगप्रयात होते. ज्यांच्या कानांवर मनाचे श्लोक पडले आहेत त्यांना ही मोजणी करावीच लागत नाही. सर्पाच्या चालीवरून पडलेले ते नाव किती सार्थ आहे, हे म्हणतानाच कळते.

हाच गज घेऊन आपण ज्ञानेश्वरीकडे वळलो, तर मात्र काहीच जुळत नाही. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. अक्षरसंख्याही ठरलेली नाही. मग ही रचना सैल म्हणायची काय? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या इ. स. ११२९ च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ग्रंथात येण्याच्या दीडशे वर्षांहून अधिक आधी ही संज्ञा उखळापाशी नांदत होती. शास्त्रकाराने ती बायकांकडून घेतली. या रचनेची लय हाताच्या कामाची होती. लघु-गुरूंच्या खुणा तिच्यावर उमटणार कशा?

'यमक' या शब्दाची गंमत निराळीच. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. तेथे यमक म्हणजे तोच अक्षरसमूह पुन्हा येणे. पुढील शास्त्रकारांनी त्यास भिन्न अर्थाची अट घातली. मराठीत आपण बहुधा चरणान्ती जुळणाऱ्या ध्वनींना यमक म्हणतो, ज्याला संस्कृतात अंत्यानुप्रास म्हणतील. विद्यार्थ्याला हा भेद सहसा कोणी सांगत नाही. दोन गुणांचे उदाहरण लिहून तो पुढे जातो आणि एकाच शब्दाचे दोन इतिहास आहेत हे त्याला कळतच नाही.

मराठी पद्याला मराठी कानाने मोजण्याचा मोठा प्रयत्न केला माधव जूलियन यांनी, 'छंदोरचना' (१९२७) या ग्रंथात. फारसीचे हे प्राध्यापक गज्जलही मराठीत आणत होते, हे येथे विसरू नये. दोन छंदःशास्त्रे जाणणाऱ्यालाच तिसऱ्याचे वेगळेपण दिसले असावे. त्यांनी पद्याचे तीन वर्ग केले. लगक्रम ठरलेला ते वृत्त, मात्रा मोजायच्या ती जाती, आणि लघु-गुरूंचा भेद न मानता केवळ अक्षरे मोजायची तो छंद. अभंगाला येथे हक्काची जागा मिळाली. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. गाताना ऱ्हस्व अक्षरही लांबते, आणि वारकऱ्याला त्यात वावगे काही वाटत नाही. ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती १९३७ मध्ये निघाली. आमच्या मते शाळेत गणांच्या कोष्टकाआधी एक अभंग टाळावर म्हणवून घ्यावा, आणि अक्षरे मागाहून मोजावीत.