सांभरची मीठवाहिनी : रुळांचा इतिहास आणि खाऱ्या पाण्याची झीज

जयपूर : जयपूरच्या नैऋत्येला, फुलेरा जंक्शनपासून अवघ्या काही किलोमीटरवर, देशातील सर्वांत मोठे अंतर्देशीय खारे सरोवर पसरलेले आहे. सांभर हे त्याच्या काठचे लहानसे गाव. या गावाला रेल्वे मिळाली ती प्रवाशांसाठी नव्हे, मिठासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत येथे रूळ पडले आणि उत्तर हिंदुस्थानातील मिठाचा व्यापार, त्यावरील कर आणि तो वाहणाऱ्या माणसांचे जीवन बदलून गेले. त्या रुळांची कहाणी भरभराटीची आहे, तितकीच झिजेचीही आहे.

सांभर ही चौहानांची जुनी राजधानी; शाकंभरी देवीवरून तिला हे नाव मिळाले, असे मानले जाते. मोगल सत्ता ओसरल्यावर सरोवर जयपूर आणि जोधपूर या दोन संस्थानांच्या सामाईक मालकीत आले. मेंढा आणि रूपनगढ या नद्यांचे पावसाळी पाणी येथे साचते आणि उन्हाळ्यात आटून मीठ उरते. या वाळवंटी खळग्यात एवढे मीठ आले कोठून, याचे कोडे भूशास्त्रज्ञांनाही पडले. हॉलंड आणि ख्रिस्टी यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, कच्छच्या रणातून उन्हाळी वारे हे क्षार वाहून आणतात.

रेल्वेपूर्वी हे मीठ बैलांच्या पाठीवरून जात असे. हजारो बैलांचे तांडे घेऊन बंजारे ते उत्तरेकडे आणि माळव्याकडे नेत. महाराष्ट्रात या समाजाला ‘लमाण’ म्हणतात. हा शब्द ‘लवण’ म्हणजे मिठावरून आला, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. तांडा सावकाश चाले, मुक्कामाला चारा-पाणी मागे, आणि अवर्षणाच्या वर्षी चारा नसला की वाहतूकच थांबे. १८६८-६९ च्या राजपुतान्यातील दुष्काळात याचा कडू अनुभव आला. धान्य असले, तरी ते पोहोचवायचे कसे, हा प्रश्न उरला आणि या प्रदेशात रेल्वे हवी या मागणीला जोर आला.

इंग्रज सरकारचे लक्ष मात्र मुख्यतः करावर होते. संस्थानांतील स्वस्त मीठ ब्रिटिश मुलखात चोरून येऊ नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे ३,७०० किलोमीटर लांबीची अंतर्गत जकात रेषा आखलेली होती. तिच्या मोठ्या भागावर काटेरी कुंपण वाढवलेले होते आणि सुमारे १२ हजार माणसे पहाऱ्यावर होती. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे १८६७ ते १८७० या काळात या जकात खात्याचे आयुक्त होते. एवढा पहारा पोसण्यापेक्षा मिठाचे उगमस्थानच ताब्यात घ्यावे, हा विचार बळावला. १८६९ आणि १८७० मधील करारांनी सरकारने जयपूर व जोधपूर दरबारांकडून सांभर भाडेपट्ट्याने घेतले. कर आता मीठ निघते तेथेच वसूल होणार होता. त्यासाठी माल एकाच ठिकाणाहून, मोजून आणि मोठ्या प्रमाणात बाहेर काढण्याची सोय हवी होती. ती रुळांनी केली.

व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत खर्च वाचवण्यासाठी मीटरगेजचा निर्णय झाला. १८७३ मध्ये दिल्ली-रेवाडी हा देशातील पहिला मीटरगेज मार्ग खुला झाला. १८७४ मध्ये आग्रा-बांदीकुईमार्गे गाडी जयपूरला आणि १८७५ मध्ये अजमेरला पोहोचली. त्याच दशकात फुलेऱ्याहून सांभरकडे फाटा निघाला. पुढे तो कुचामन रोडपर्यंत गेला आणि १८९३ मध्ये तेथे जोधपूर संस्थानच्या रेल्वेला जोडला गेला. राजपुतान्यातील इतर मिठागरांवरही नियंत्रण आल्यानंतर १ एप्रिल १८७९ रोजी जकात रेषा मोडीत काढण्यात आली. कुंपण गेले, पण कर राहिला. तो रद्द होण्यासाठी १९३० चा दांडीचा सत्याग्रह व्हावा लागला आणि १९४७ साल उजाडावे लागले.

रुळांनी लादलेली पहिली आपत्ती अपघाताची नव्हती, व्यापाराची होती. बंजाऱ्यांच्या तांड्यांचे काम रेल्वेने हिरावून घेतले. दिल्लीजवळच्या फर्रुखनगरची गत तर अधिक चमत्कारिक झाली. तेथील विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून बनणारे मीठ वाहण्यासाठी १८७३ मध्येच खास फाटा टाकण्यात आला होता. परंतु रुळांवरून सांभरचे मीठ सहज येऊ लागल्यावर त्याच मिठाची मागणी घटत गेली. ज्या साधनाने गावाचा धंदा वाढायचा, त्याच साधनाने प्रतिस्पर्धी दारात आणून उभा केला.

सांभरमध्ये मुख्य मार्गाखेरीज मिठागरांची स्वतःची नॅरोगेज ट्रॉली लाइनही आहे. सरोवराचा तळ चिकणमातीचा असून ओला झाला की गाडीची चाके रुततात. हलक्या रुळांमुळे वजन पसरते आणि मीठ क्यारांपासून, म्हणजे मीठ पिकवण्याच्या खाचरांपासून, साठवणीच्या जागेपर्यंत नेता येते. झपोक ते गुढा हा ५.१ किलोमीटरचा दगडी बांध सरोवराचे दोन भाग करतो. पश्चिमेकडील पाणी आवश्यक तेव्हा पूर्वेकडील आगरांत घेतले जाते.

या लाइनचा खरा शत्रू तिचाच माल आहे. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते आणि ओल्या मिठाच्या सान्निध्यात लोखंड झपाट्याने गंजते. रुळाचा माथा चाकांच्या घर्षणाने चकचकीत राहतो. झीज होते ती खाली, जेथे रूळ स्लीपरवर टेकतो आणि जेथे नजर सहज जात नाही. रुळाचा तळ पातळ झाला, खिळे सैल झाले की दोन रुळांमधील अंतर वाढते आणि सावकाश चालणारी भरलेली ट्रॉलीही घसरते. अशा घसरणीची बातमी होत नाही. तिचा भार पुन्हा मीठ भरणाऱ्या मजुराच्या पाठीवर पडतो. मुख्य मार्गावरील वाघिणींनाही मिठाने गंज चढतो. म्हणूनच मिठाची वाघीण ही रेल्वेच्या दृष्टीने नेहमीच खर्चाची बाब ठरली.

दुसरी अडचण गेजची होती. एक मीटरच्या रुळांवरून निघालेले मीठ १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेज मुलखात जाताना एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावे लागे. त्यात वेळ जाई, पोती फाटत, माल सांडे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या एकगेज प्रकल्पानंतर हा अडथळा दूर झाला. मात्र त्याबरोबर मीटरगेजवर उभी राहिलेली फुलेऱ्याची जुनी ओळखही पुसट झाली.

१९६४ पासून येथील उत्पादन सांभर सॉल्ट्स लिमिटेडकडे आहे. त्यात केंद्र सरकारच्या हिंदुस्तान सॉल्ट्सचा ६० टक्के, तर राजस्थान सरकारचा ४० टक्के वाटा आहे. १९९० मध्ये सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. परंतु नद्यांवरील बंधारे आणि खासगी कूपनलिकांचा बेसुमार उपसा यांमुळे सरोवरात येणारे पाणी घटले आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये येथे सुमारे १८ हजार स्थलांतरित पक्षी मृत्युमुखी पडले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने बोट्युलिझम हे त्याचे कारण असल्याचे निश्चित केले. ज्या सरोवरातील पक्ष्यांच्या नोंदी १८७३ मध्येच जकात खात्यातील आर. एम. ॲडम यांनी प्रसिद्ध केल्या होत्या, तेथे दीड शतकाने मृत पक्ष्यांची गणती करावी लागली.

जुन्या मीटरगेजची सोडून दिलेली वाट मात्र वाया गेलेली नाही. गुढा ते ठठाणा मीठडी या पट्ट्यात नव्या गाड्यांच्या चाचणीसाठी सुमारे ६० किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग उभारण्याचे काम रेल्वेने हाती घेतले. ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाची चाचणी घेता यावी, अशी त्याची रचना आहे. वळणे, पूल आणि वेगवेगळ्या प्रकारचे रूळ त्यात मुद्दाम ठेवलेले आहेत, जेणेकरून गाडीतील दोष प्रवासी बसण्यापूर्वीच उघड व्हावेत. खारी हवा मात्र या नव्या लोखंडालाही तीच आहे. आगरांतील ट्रॉली लाइनचे भवितव्य तर मालाच्या मागणीइतकेच पाण्यावर अवलंबून आहे. मेंढा आणि रूपनगढ यांचे पाणी सरोवरापर्यंत पोहोचले तरच क्यारांत मीठ धरेल, आणि मीठ असेल तरच ते वाहण्यासाठी रुळांची गरज उरेल.