सांभाळून घेण्याची किंमत

एप्रिल २००१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका गॅरेजमधून डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार यांनी एका संगणकावरून ब्राउझरकडे एक छोटासा संदेश पाठवला. पुढे जगभर ‘जेसन’ या नावाने रूढ झालेल्या डेटाच्या मांडणीतला हा पहिला संदेश, आणि तो वाचताना ब्राउझर अडखळला. क्रॉकफर्ड यांनी त्याचे कारण नंतर जाहीरपणे सांगितले आहे. संदेशातल्या एका माहितीला त्यांनी ‘डू’ असे नाव दिले होते, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत तो राखीव शब्द होता. आलेला मजकूर ब्राउझर कोड म्हणूनच वाचत असल्यामुळे त्याने ‘डू’चा अर्थ आज्ञा असा घेतला आणि चूक दाखवली. यावर दोन उपाय होते. जावास्क्रिप्टच्या राखीव शब्दांची लांबलचक यादी नियमांत घालून प्रत्येकाला ती पाळायला लावायची, किंवा प्रत्येक नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचे असा एकच सोपा नियम करायचा. त्यांनी दुसरा मार्ग घेतला. आज जेसनमधले प्रत्येक नाव अवतरणात असते, त्याचे मूळ पहिल्याच दिवशीच्या या चुकीत आहे.

वेबपानाच्या स्क्रिप्टला डेटा वाचता आला नाही की दोष बहुधा कुणातरी प्रोग्रॅमरच्या निष्काळजीपणाला दिला जातो. एखादा स्वल्पविराम जास्त पडला, एखादा कंस राहिला, दुरुस्त केला, विषय संपला. गेल्या चार दशकांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. या चुका मोठ्या संख्येने होतात त्या लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात कोणी किती भार उचलायचा हे ठरलेले नसते म्हणून. या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट निघतात. जिथे माणसे हाताने लिहितात तिथे वाचणाऱ्या यंत्राने सांभाळून घ्यावे, पण ते लेखी नियमाने. आणि जिथे यंत्रच यंत्रासाठी लिहिते तिथे वाचन कडक असावे, आणि दुरुस्ती डेटा जिथे तयार होतो तिथे करावी.

सांभाळून घेण्याची परंपरा वेबपेक्षा जुनी आहे. १९८०मध्ये इंटरनेटच्या टीसीपी नियमावलीत जॉन पोस्टेल यांनी एक तत्त्व नोंदवले : आपण पाठवताना काटेकोर राहावे, दुसऱ्याकडून घेताना उदार असावे. वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या यंत्रांवर लिहिलेले प्रोग्रॅम एकमेकांशी बोलते करायचे होते, तेव्हा हा सल्ला योग्यच होता. पुढे वेब आले आणि ब्राउझरांनी हे तत्त्व वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेला लावले. शेवटची खूण (टॅग) लिहायची राहिली तरी पान दिसे, खुणा एकमेकींत अडकल्या तरी पान दिसे. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी अशा कुणालाही पान लिहिता आले, ते या उदारपणामुळे. वेबच्या प्रसाराचे हे एक मोठे कारण आहे आणि ते मान्यच केले पाहिजे. पण हे सांभाळून घेणे कुठेच लिहिलेले नव्हते. ठळक अक्षरांची खूण परिच्छेदाच्या आधी उघडून परिच्छेदाच्या मध्येच बंद केली, तर इंटरनेट एक्सप्लोरर, मोझिला आणि ऑपेरा हे तीन ब्राउझर त्याच मजकुराची तीन वेगळी रचना उभी करत. डोळ्यांना पान सारखेच दिसे, पण त्या रचनेतून फिरून माहिती काढणारी स्क्रिप्ट एका ब्राउझरमध्ये चाले आणि दुसऱ्यात कोसळे. पान लिहिणाऱ्याला चूक कधी कळतच नसे. तिची किंमत स्क्रिप्ट लिहिणारा मोजत असे.

यावर पहिला उतारा आला तो पूर्ण कडकपणाचा. फेब्रुवारी १९९८मध्ये प्रमाण झालेल्या एक्सएमएल या डेटा लिहिण्याच्या पद्धतीचा नियम असा की रचनेत एकही चूक सापडली तर वाचणाऱ्याने तिथेच थांबायचे, पुढचा अंदाज बांधायचा नाही. जानेवारी २०००मध्ये हाच नियम एक्सएचटीएमएलच्या रूपाने वेबपानांपर्यंत आला. एखाद्या दुव्यातले ‘&’ हे चिन्ह पद्धतीप्रमाणे लिहिले नाही तर फायरफॉक्समध्ये अख्ख्या पानाच्या जागी पिवळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या अक्षरांत चूक दाखवली जाई. वाचकाचा यात काहीच दोष नव्हता, तरी शिक्षा त्यालाच होती. शिवाय त्या वेळी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोररला ही पाने खऱ्या एक्सएचटीएमएलच्या रूपात वाचताच येत नव्हती, आणि ती सोय २०११च्या नवव्या आवृत्तीपर्यंत आली नाही. म्हणून बहुतेकांनी नाव एक्सएचटीएमएलचे ठेवले आणि पाने जुन्या, उदार पद्धतीनेच पाठवली. एक्सएचटीएमएलच्या पुढच्या आवृत्तीचे काम २००९मध्ये थांबवण्यात आले.

तिसरा मार्ग काढला तो २००४मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या लोकांनी स्थापन केलेल्या गटाने. इयन हिक्सन यांच्या संपादनाखाली त्यांनी ब्राउझर प्रत्यक्षात चुका कशा सांभाळून घेतात याचा बारकाईने अभ्यास केला आणि तो सगळा व्यवहार नियमांत उतरवला. एचटीएमएल-५मध्ये बरोबर मजकुराबरोबरच चुकीच्या मजकुराचेही काय करायचे ते पायरीपायरीने सांगितलेले आहे. कोणताही मजकूर द्या, त्यातून कोणती रचना निघेल हे आधीच ठरलेले असते. मार्च २०११मध्ये फायरफॉक्स-४ हा या नियमांनुसार वाचणारा ब्राउझर आला, आणि बाकीचेही त्याच वाटेने आले. माणसांच्या चुका थांबल्या नाहीत, त्यांचे परिणाम मात्र सगळीकडे सारखे झाले. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हवे होते ते एवढेच. उदारपणा वाईट नव्हता, अलिखित उदारपणा वाईट होता.

जावास्क्रिप्टचा स्वतःचा स्वभावही वेबच्या त्या सुरुवातीच्या, उदार काळाने घडवला. १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. पानावर छोटी कामे करणारी, नवख्यांनाही झेपेल अशी भाषा हवी होती, त्यामुळे चूक दाखवण्यापेक्षा काम पुढे रेटण्याकडे तिचा कल राहिला. चूक पकडून हाताळण्याची ‘ट्राय-कॅच’ची सोय तिच्या प्रमाणात १९९९अखेर आली. मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या ‘पार्सइंट’ या तिच्या सोयीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला शून्य असलेली संख्या अष्टमान पद्धतीची, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक असलेली, असे जुने ब्राउझर मानत. त्यामुळे तारखेच्या रकान्यातला ‘०७’ हा महिना सात म्हणून वाचला जाई, पण ‘०८’मध्ये आठ हा अंक अष्टमानात नसल्याने वाचन शून्यावर थांबे आणि उत्तर शून्य येई. ‘०९’चेही तेच. ‘१०’ पुन्हा बरोबर. असा कोड सात महिने बिनतक्रार चाले, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चुके आणि ऑक्टोबरमध्ये आपोआप बरा झाल्यासारखा वाटे. यंत्राने एकदाही तक्रार केलेली नसे. प्रत्येक ठिकाणी दहा हा पाया स्पष्ट लिहिणे हा प्रोग्रॅमरच्या हातातला उपाय होता. पण खरी दुरुस्ती डिसेंबर २००९मध्ये झाली, जेव्हा भाषेच्या पाचव्या प्रमाणानेच हा अष्टमानी अर्थ रद्द केला. १ जानेवारी २००० रोजी अनेक पानांवर १९१०० हे वर्ष झळकले, अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या पानावरसुद्धा. त्याचीही जात हीच. वर्ष विचारले की १९००पासून किती वर्षे झाली तो आकडा मिळे आणि स्क्रिप्टा त्याच्यापुढे ‘१९’ चिकटवत. नव्व्याण्णवपर्यंत सारे जमून गेले. चार अंकी वर्ष देणारी सोय १९९७पासून होती, पण चालते आहे ते कोण बदलणार?

या पार्श्वभूमीवर जेसनचा कडकपणा समजून घ्यावा लागतो. एकेरी अवतरणे चालणार नाहीत, शेवटचा जादा स्वल्पविराम चालणार नाही, टिपाही लिहिता येणार नाहीत. टिपा काढून टाकण्याचे कारण क्रॉकफर्ड यांनी सांगितले आहे : काही लोक त्यांत वाचणाऱ्या यंत्रासाठी सूचना लिहू लागले होते, आणि त्यातून एकाच मजकुराचे वेगवेगळे अर्थ निघाले असते. सुरुवातीला मात्र वाचनाची पद्धत धोकादायक होती. आलेला मजकूर ‘इव्हॅल’ या आज्ञेने थेट कोड म्हणून चालवला जाई, त्यामुळे कुणी डेटात कोड मिसळला तर तोही वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चाले. २००९मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर-८ आणि फायरफॉक्स-३.५ यांनी फक्त डेटा वाचणारी, काहीही न चालवणारी स्वतंत्र सोय दिली आणि त्याच वर्षअखेर ती भाषेच्या प्रमाणात आली. नियमात न बसणारा मजकूर ती ठामपणे नाकारते. एक्सएचटीएमएल जिथे हरले तिथे जेसन जिंकले, कारण जेसन बहुतेक वेळा यंत्र लिहिते. यंत्राला एकदा नीट शिकवले की ते स्वल्पविराम विसरत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो गंभीर आहे : एका चिन्हासाठी अख्खे पान कोरे राहत असेल तर असा कडकपणा वापरणाऱ्याच्या काय कामाचा? उत्तर असे की नाकारणे आणि पान कोरे ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचन फसले की स्क्रिप्टने ते पकडावे, वापरणाऱ्याला साध्या शब्दांत सांगावे, बाकीचे पान चालू ठेवावे. पकडून गप्प बसणे हा मात्र उपाय नव्हे. अगदी पहिल्याच जागी अनपेक्षित डावा कोनी कंस सापडला, ही प्रोग्रॅमरांच्या कायम पाहण्यातली एरर घ्या. जेसन कधीच कोनी कंसाने सुरू होत नाही, एचटीएमएल होते. म्हणजे सर्व्हरने डेटाच्या जागी एक पान पाठवले आहे. बहुधा लॉगिनची मुदत संपली आहे, पत्ता चुकला आहे किंवा सर्व्हरमध्येच बिघाड आहे. वाचणारी ओळ निर्दोष आहे, ती फक्त बातमी देते आहे. तिथे मजकूर कापून-जोडून जेसन बनवण्याचा खटाटोप म्हणजे ती बातमीच पुसून टाकणे. दुसरे उदाहरण पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे. सर्व्हरवर जेसन करण्याऐवजी पायथनची वस्तू नुसती मजकूर म्हणून छापली तर नावे एकेरी अवतरणात येतात. मग पानावर प्रत्येक एकेरी अवतरणाच्या जागी दुहेरी घालणारी ओळ लिहिली जाते आणि ती चालतेही. पण इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी घालून लिहिलेले गोव्याचे किंवा वसईचे एखादे डिसूझा, डिसिल्व्हा आले की यादी पुन्हा फुटते. दुरुस्ती सर्व्हरवरच्या एका ओळीची होती, ती पानावर केली म्हणून चूक मिटली नाही, फक्त लांबली.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो : नियम कडक आहेत, वाचणारी सोय तयार आहे, मग प्रश्न उरला कुठे? तो नियमांतल्या मोकळ्या जागांत उरला. जेसनमध्ये संख्या किती मोठी असावी याला मर्यादा नाही, पण जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९२च्या पुढचा प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही. त्या पुढची, ९९३ने संपणारी संख्या वाचली की हाती ९९२ने संपणारीच येते, आणि एरर येत नाही. २०१०मध्ये ट्विटरच्या संदेशांचे क्रमांक ही मर्यादा ओलांडणार हे दिसल्यावर कंपनीला तोच क्रमांक अवतरणात, मजकूर म्हणूनही द्यावा लागला. २०१६मध्ये निकोला सेरियो यांनी अनेक भाषांतली जेसन वाचणारी साधने तपासली तेव्हा काठावरच्या मजकुरावर त्यांच्यात मतभेद आढळले. म्हणजे कडकपणाही अपुरा लिहिलेला असेल तर अलिखित उदारपणासारखाच वागतो.

मराठीला हा प्रश्न थेट भिडतो. ब्राउझरला मराठीच्या पद्धतीने संख्या लिहायला सांगितले तर तो देवनागरी अंक वापरतो आणि दीड हजार ‘१,५००’ असे छापतो. तोच मजकूर जावास्क्रिप्टला परत संख्या म्हणून वाचायला दिला तर ‘ही संख्या नाही’ एवढेच उत्तर येते, कारण तिचे वाचन फक्त इंग्रजी अंक ओळखते. भाषेच्या नियमांनुसार हे बरोबरच आहे आणि ते बदलण्याची गरज नाही. पण मराठी फॉर्ममध्ये ‘५’ लिहिणाऱ्याने चूक केली असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिथे लिहिणारा माणूस आहे, म्हणून सांभाळून घेण्याची जबाबदारी पानाची. फॉर्म भरताक्षणीच देवनागरी अंकांचे रूपांतर करावे, आणि पुढे यंत्रांमध्ये जाणारा डेटा एकाच ठरलेल्या रूपात ठेवावा. पडद्यावर दाखवलेला मजकूर पुन्हा डेटा म्हणून वाचू नये.

जून २०२३मध्ये इंटरनेटच्या प्रमाणसंस्थेच्या मंडळाने पोस्टेल यांच्या तत्त्वाचा फेरविचार प्रसिद्ध केला. चुका निमूटपणे गिळत राहिलो तर त्या रूढ होतात आणि शेवटी त्याच नियम बनतात, असे त्याचे सार आहे. वेबचा इतिहास त्याला पुरेपूर आधार देतो. म्हणून ज्यांच्या हाती स्क्रिप्ट आहे त्यांना एवढेच सांगणे आहे : पुढच्या वेळी डेटा वाचताना एरर आली की वाचणाऱ्या ओळीवर ठिगळ लावण्याआधी तो मजकूर कोणी लिहिला ते शोधा. माणसाने लिहिला असेल तर त्याला समजून घेणारा नियम लिहा. यंत्राने लिहिला असेल तर ते यंत्र दुरुस्त करा.