बँडसॉचें जनकत्व

बँडसॉ नामक अखंड पात्याच्या करवतीचें जनकत्व लंडनच्या विल्यम न्यूबेरी याजकडे, त्याच्या १८०८ च्या पेटंटावरून, देण्यांत येतें. आम्हांस हें अपुरें वाटतें. चाकांवरून सतत वांकणारें तें पातें सांध्याशींच तुटे. १८४६ त आन पॉलिन क्रेपँ ह्या फ्रेंच बाईनें सांधा जोडण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. पॅरिसच्या पेरँ कंपनीनें तें विकत घेऊन त्यास उत्तम पोलादाची जोड दिली, तेव्हां कोठें यंत्र उपयोगी पडलें. श्रेयाचा मोठा वांटा बाईंचाच.

वाद्यकारासहि यंत्राआधीं पात्याचाच विचार पडतो. व्हायोलिनच्या पाठीसाठीं एकाच ठोकळ्याच्या जुळ्या फळ्या चिरावयाच्या तर पातें रुंद व विरळ दांत्यांचें हवें. दाट दांत्यांत भुसा कोंडून पातें तापतें, भरकटतें. कडेच्या वळणांस मात्र अरुंदच. रुंद पातें ताणून धरण्यास चौकट भक्कम लागते, हें घेणारे बहुधा विसरतात.