दातखीळ ते भौतिकोपचार : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात जबड्याच्या सांध्यावरील उपचारांचा इतिहास

बीजसंज्ञा : हनुसंधी, दातखीळ, भौतिकोपचार, वऱ्हाड, वाशीम

प्रस्तावना :
कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले असता जो सांधा हलताना जाणवतो, त्यास आयुर्वेदात हनुसंधी म्हटले आहे. बोलणे, चावणे, जांभई देणे या क्रिया त्यावर अवलंबून असतात. तोंड उघडताना जबडा प्रथम सांध्यात फिरतो व नंतर पुढे सरकतो. निरोगी प्रौढाचे तोंड साधारणतः ४० मि.मी. वा त्याहून अधिक, म्हणजे स्वतःची तीन बोटे मावतील इतके उघडते. या सांध्याच्या दुखण्यावरील उपचारांचा प्रारंभ हात, शेक आणि बंध यांनी झाला. मध्यंतरी लक्ष दातांकडे वळले. आणि आता ते पुन्हा हातांकडे व व्यायामाकडे आले आहे. या क्रमात वाशीमसारख्या जिल्ह्याच्या वाट्याला काय आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राचीन वैद्यकातील उपचार :
सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात निखळलेला जबडा जागी बसवून, शेक देऊन, पंचांगी नावाचा बंध बांधण्याचा विधी आढळतो. चरकसंहितेच्या वातव्याधी प्रकरणात तोंड उघडे राहिलेल्या रुग्णाचा जबडा शेकून, अंगठ्यांनी दाबून व तर्जनींनी हनुवटी वर उचलण्यास सांगितले आहे. आजही निखळलेला जबडा अंगठ्यांच्या दाबानेच बसवला जातो. चरकसंहितेस सध्याचे पूर्ण रूप देणारा दृढबल साधारणतः चौथ्या-पाचव्या शतकातील मानला जातो. याच सुमारास वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती.

दातखीळ आणि तिची भीती :
मराठीत 'दातखीळ बसणे' हा वाक्प्रचार भीतीने वाचा बसण्यासाठी वापरला जातो. जबडा न उघडणे हे धनुर्वाताचे एक प्रारंभीचे लक्षण होय. शेतातील जखम वा अस्वच्छ बाळंतपण यांतून होणारा हा रोग प्राणघातक असल्याने मिटलेला जबडा म्हणजे मृत्यूची चाहूल असे समीकरण लोकमानसात रुजणे स्वाभाविक होते. १९७८ व १९८५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमांमुळे चित्र पालटले. २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन भारताने साध्य केल्याचे मान्य झाले. तरीही अचानक मिटलेल्या जबड्यास व्यायाम देण्यापूर्वी धनुर्वाताची शंका दूर करणे आजही आवश्यक आहे.

दातांकडून स्नायूंकडे :
१९३४ मध्ये अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी दाढा गमावल्याने जबडा मागे दाबला जातो व त्यातून कान आणि सांधा दुखतो, असे मत मांडले. या मतास शरीररचनाशास्त्राचा आधार पुढे टिकला नाही. तथापि हे दुखणे म्हणजे दातांचा प्रश्न, ही समजूत दीर्घकाळ राहिली. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी चावण्याच्या स्नायूंचा थकवा व मानसिक ताण यांवर भर दिला. दात घासून सारखे करणे यांसारखे न परतवता येणारे उपचार त्यामुळे शंकास्पद ठरू लागले. २०२३ मध्ये 'बीएमजे' या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दीर्घकालीन दुखण्यासाठी देखरेखीखालील जबड्याचे व मानेच्या ठेवणीचे व्यायाम, हातांनी केलेले उपचार आणि मानसोपचारात्मक मदत यांची ठाम शिफारस आहे.

वाशीम जिल्ह्याची स्थिती :
महाराष्ट्रात भौतिकोपचाराचे औपचारिक शिक्षण १९५२-५३ च्या सुमारास मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. विदर्भात नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चे. वाशीम हा ब्रिटिशकालीन वऱ्हाडातील जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत विभागला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी सहा तालुक्यांसह पुन्हा अस्तित्वात आला. मधल्या ९३ वर्षांत जिल्ह्याचे मुख्यालय अकोल्यासच होते. वाशीम येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रारंभ २०२४ मध्ये झाला. हा विलंब या उपचाराच्या बाबतीत विशेष बोचणारा आहे. कारण गोळी एकदा आणून भागते, परंतु व्यायाम शिकणे, तपासणे व वाढवणे यांसाठी रुग्णास वारंवार यावे लागते. मजुरी बुडवून परगावी जाणारा रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर उपचार सोडण्याचा संभव अधिक असतो.

विदर्भात आणखी एक गुंतागुंत आहे. खर्रा व गुटखा यांतील सुपारीमुळे गालाचे आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. या विकाराचे वर्णन एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले होते. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. येथे मूळ दोष सांध्यात नसतो; व्यायामाने तोंड उघडण्यास मदत होते, परंतु सुपारी सुटल्याशिवाय रोग आवरत नाही आणि कर्करोगाची टांगती तलवार राहते. लहानपणी हनुवटीवर पडून सांधा जखडलेल्या मुलाची गोष्ट पुन्हा वेगळी. त्यास शस्त्रक्रिया लागते आणि नंतर दीर्घकाळ व्यायाम न केल्यास सांधा पुन्हा जखडू शकतो.

निष्कर्ष :
मिटलेल्या वा दुखऱ्या जबड्यामागे धनुर्वात, सुपारी, जुना मार किंवा स्नायूंचा ताण यांपैकी काय आहे, हे ओळखणे ही उपचाराची पहिली पायरी होय. ती चुकल्यास निरोगी दात गमावण्यापासून कर्करोगाच्या निदानास उशीर होण्यापर्यंत हानी संभवते. या दुखण्यावरील मुख्य उपचारास महागडे यंत्र लागत नाही; शिकलेला हात लागतो. असे हात तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचवणे, हेच नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या उपयुक्ततेचे एक प्रमाण ठरेल.